बगिच्यातून आलेली ओ

१

भगवंत बेलसरेचा आवाज शेंदूरजनाघाटच्या शिवारात सगळ्यांच्या ओळखीचा होता. पहाटे तो मोटेवर बैल हाकायला लागला की शेजारच्या वावरातले लोक म्हणायचे, "उठला पाहा भगवंता." बोलायला असा खणखणीत, आणि ऐकायला निव्वळ भिंत. विहिरीची जागा त्यानं धरली तेव्हा गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, खाली काळा खडक आहे, पाण्याचा थेंब लागायचा नाही. भगवंतानं मान हलवली आणि तिथेच कुदळ मारली. दोन उन्हाळे सुरुंग लावून खडक फोडला. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी असं उसळलं की आत उतरलेली माणसं कशीबशी दोर धरून वर आली. त्या पाण्यावर त्यानं संत्र्याचा बगिचा उभा केला. माणूस सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन एकदा खरा ठरला की त्याला दुसऱ्याचं ऐकायचं कारण उरत नाही.

कारण मिळालं ते कौशल्येमुळे. कौशल्या त्याची बायको. बारीक चणीची, हळू बोलणारी. बगिचा लांबच लांब. एका टोकाला विहीर, तिथून दांडानं पाणी आत जायचं. भगवंत मोट हाकायचा आणि कौशल्या आत फावडं घेऊन उभी असायची. एका झाडाचं आळं भरलं की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं, हे तिचं काम. झाडं अशी दाट की कौशल्या थोडी आत गेली की दिसेनाशी व्हायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती आत पाय मुरगळून पडली. तिनं किती हाका मारल्या, पण भगवंत मोटेवर गाणं म्हणत होता, आपल्याच गळ्यावर खूश. बैल सोडून तो आत गेला तेव्हा ती गार पाण्यात बसलेली होती, ओठ निळे पडलेले. ती रडली नाही की रागावली नाही. नुसती त्याच्याकडे पाहत राहिली.

त्या दिवसापासून भगवंतानं मोटेवरचं गाणं सोडलं. मोट थारोळ्यात रिकामी झाली की तो बैल थांबवायचा आणि हाक द्यायचा, "भरलं का वं?"

आतून ओ यायची, "भरलं जी!"

तेवढ्या दोन शब्दांवरून त्याला सगळं कळायला लागलं. ती दमली आहे का, रुसली आहे का, तोंडात संत्र्याची फोड आहे का. घरी येऊन तो म्हातारीला, म्हणजे आपल्या आईला, पार्बताबाईला सांगायचा, "माय, आज कौशी हासून राहिली होती एकटीच." म्हातारी म्हणायची, "तू कधीपासून आयकाले शिकला रे?"

२

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली पावसानंही दगा दिला. दसऱ्याच्या आधीच झाडं माना टाकायला लागली, म्हणून भगवंतानं मोट जुंपली. गावात रोज कोणी ना कोणी तापानं जात होतं. तहसिलीतून आलेला शिपाई गल्ल्यांत चुना टाकून गेला होता. पण झाडांना ते काय माहीत?

रोजच्यासारखा तो अंधारात घरून निघाला. कौशल्या मागून यायची, चूल पेटवून, भाकरी करून. आणि कुंपणाच्या खिंडारातून परस्पर बगिच्यात शिरायची. त्या दिवशी धुकं होतं. पहिली मोट झाली, भगवंतानं हाक दिली.

"भरलं जी!"

सगळी सकाळ तशीच गेली. ऊन तापलं तसे त्यानं बैल सोडले. कौशल्या बाहेर आली नाही, तेव्हा आडवाटेनं घरी गेली असेल म्हणून तोही घरी आला. दारातच म्हातारी बसली होती.

"कौशी आली का?"

"आली कुठून? सकायपासून उठलीच नाही. अंग पाह्य कसं तव्यावानी तापलं."

कौशल्या वाकळ पांघरून पडली होती. तिचं फावडं भिंतीला टेकून होतं, कोरडं ठणठणीत.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर भगवंत पुन्हा बगिच्यात गेला. सकाळी जेवढं पाणी ओढलं होतं तेवढी आळी काठोकाठ भरली होती. प्रत्येकाचं तोंड नीट बुजवलेलं. फावड्याचा घाव कुठेच नव्हता. ओली माती तळव्यानं सारवावी तशी गुळगुळीत केलेली. त्यानं मनाशी म्हटलं, शेजारचं कोणी माणूस आलं असेल, माणुसकी म्हणून. पण मग ओ कोणी दिली? मन म्हणालं, सवयीनं कान ऐकतात, भगवंता.

विचार करायला सवड मिळाली नाही. तिसऱ्या रात्रीपासून कौशल्येला भान राहिलं नाही. भगवंत उशाशी बसलेला असताना ती एकाएकी हातावर जोर देऊन उठायला लागली.

"येतो, येतो."

"कुठी जातं? नीज."

"ते हाक मारून राहिले न मले."

"मी अठीच आहो कौशे. हा पाह्य, हा माहा हात."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दोघांपैकी कोणाचं खरं मानावं, असा साधा प्रश्न पडल्यासारखी ती पाहत राहिली.

उजाडता उजाडता ती गेली.

३

पुढचे दिवस भगवंत घरातून हलला नाही. गावातल्यांना वाटलं, आता हा पहिल्यापेक्षा आडमुठा होणार. उलटंच झालं. तो कोणाला काही बोलेना. कोणी दारात येऊन काही सांगितलं तर मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, म्हणून लोकांना त्याची जास्तच काळजी वाटायला लागली.

पौषात म्हातारी म्हणाली, "झाडं मेल्यावर मंग उठशील का? तिनं लेकरावानी जपले ते झाडं."

तो उठला. एकट्यानं ओलीत कसं करायचं ते त्यानं ठरवलं होतं. काही मोटा हाकायच्या, बैल थांबवायचे, आत पळत जायचं, आळं फोडायचं, पुन्हा यायचं. चाक कुरकुरलं, थारोळ्यात पाणी आदळलं, दांडानं आत निघालं. आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "भरलं का वं?"

आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

"भरलं जी!"

बैलांनी कान टवकारले, ते त्यानं स्वतः पाहिलं. म्हणजे आपले कान फसवत नाहीत, एवढं तरी नक्की. तो बैलांच्या उतरत्या धावेवरच खाली बसला. पळून जावं असं त्याला वाटलं नाही. बऱ्याच वेळानं तो आत गेला. पहिलं आळं भरून बुजवलेलं होतं, दुसऱ्यात पाणी चढत होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. चिखलात पाऊल उमटलेलं नव्हतं. माती तेवढी गुळगुळीत होती.

४

त्या वर्षी भगवंतच्या बगिच्यासारखा बहर कोणाच्याच बगिच्याला आला नाही. वास पार गावाच्या वेशीपर्यंत यायचा. अमरावतीचे व्यापारी फळ धरायच्या आधीच बोलणी करायला आले. लोक म्हणाले, बायको गेली पण हात ठेवून गेली. भगवंत हसायचा. त्याचा चेहरा उजळला होता. तो पहाटे नव्या नवरदेवासारखा घाईनं घराबाहेर पडायचा.

मोट हाकता हाकता तो आत ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचा. जिवंतपणी तिच्याशी जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं. त्या पहिल्या वर्षीच्या गाण्याबद्दलही बोलला. आतून फक्त तेच यायचं, "भरलं जी." कधी "थांबा जरासे." ती जे पूर्वी बोलायची तेवढंच. "पाय दुखते का वं?" असं त्यानं विचारलं, तर थोडं थांबून उत्तर आलं, "भरलं जी!"

त्याला पाहायचं होतं. बैल उभे करून तो अनवाणी, श्वास धरून आत जायचा. दर वेळी ते एक झाड पुढे असायचं. पाण्यात हात बुडवल्याचा आवाज यायचा, माती थापटल्याचा आवाज यायचा. तिथे पोचावं तर आळं नुकतंच बुजवलेलं, आणि आवाज पुढच्या झाडापाशी. जणू त्याच्याशी शिवाशिवी खेळत होतं.

मूळचा खडक फोडणारा माणूस. परीक्षा घेतल्याशिवाय त्याला राहवेना. एके सकाळी त्यानं बैल जुंपलेच नाहीत. विहिरीवर नुसताच उभा राहून हाक दिली, "भरलं का वं?"

"भरलं जी!"

दांड कोरडा होता. आळी कोरडी होती. कौशल्या खोटं कधी बोलली नव्हती, थट्टेतसुद्धा नाही. भगवंतानं बैल आणले आणि जुंपले, आणि ती गोष्ट मनातून काढून टाकली. माणसाला हवं असतं तेव्हा तो असं करू शकतो.

फाल्गुनात त्यानं एकदा आत पाहून सांगितलं, "मायले आता दिसतच नाही वं. भाकर हाती द्या लागते."

आतून जरा वेळानं आवाज आला. "हं."

हे नवीन होतं. ती ऐकत होती. त्या "हं"साठी भगवंत त्या दिवशी मोटेच्या नाड्यावर डोकं टेकून रडला. ते शिकतंय, असं मात्र त्याच्या मनात आलं नाही.

५

म्हातारीनं भातकुलीला आपल्या भाच्याकडे, चंद्रभानकडे, निरोप धाडला. चंद्रभान एक स्थळ घेऊन आला. माणिकबाई, मानमोडीत नवरा गेलेली, पोरंबाळं नाहीत, भाजीचा मळा एकटीनं सांभाळणारी. भगवंत नको म्हणाला. म्हातारीनं आपले पांढरे पडलेले डोळे त्याच्या दिशेनं वळवले. "मले कोन पाहीन रे? तू तं बगिच्यातच राह्यतं." वैशाखात चार माणसांत पाट लागला.

माणिक मोकळी बाई होती. मनात येईल ते बोलायची, आणि मोठ्यानं. पहिल्याच आठवड्यात तिनं फावडं उचललं. भगवंत आडवा झाला.

"तू नोको येऊ तिकडं."

"काहून? बगिच्यात काय ठेवलं असं, का मी पाहू नोको?"

त्याला खोटं सुचेना. त्यानं सगळं सांगून टाकलं, जमिनीकडे पाहत. ती हसेल किंवा माहेरची वाट धरेल असं त्याला वाटलं होतं. माणिकनं फावड्यावर हनुवटी टेकवून सगळं ऐकून घेतलं.

"अन् तुमी पाहलं नाही तिले?"

"नाही."

"मंग चाला. दिसन तं दिसन. नाही दिसलं तं आळी तं भरतीन."

आणि काय आश्चर्य, माणिक आत उभी राहायला लागली तसं ते बंद झालं. आळं भरलं की ती भगवंतच्या हाकेची वाट पाहायची नाही, स्वतःच आतून ओरडायची, "बैलाईले दम द्या आता!" पहिल्यांदा ऐकून बैलसुद्धा दचकले होते. दुसरा आवाज नाही, माती थापटणं नाही. भगवंतला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून चोरट्यासारखंही. घरी म्हातारी आणि माणिक चुलीपाशी बसून हसायच्या. हळूहळू तो त्या हसण्याची वाट पाहायला लागला. संक्रांतीच्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं, आपण मोटेवर गुणगुणतो आहोत.

चैत्र सरता सरता माणिकनं त्याला सांगितलं की तिला दिवस गेले आहेत.

६

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन दुपारी, बगिच्यातून हाक आली, "बैलाईले दम द्या आता!"

भगवंतानं कासरा ओढला. आणि लगेच पुन्हा, तीच हाक, तोच मोठा मोकळा आवाज, पण पार दूरच्या टोकाकडून. "बैलाईले दम द्या आता!"

एवढ्या वेळात एवढं अंतर माणसाला पळूनही जाता येत नाही. पोटुशी बाईला तर नाहीच.

भगवंत धावेवरून उतरला. दोन्हींत माणिक कोणती? त्याला एक युक्ती सुचली. ते फक्त ऐकलेलंच बोलतं. तेव्हा नवं काही विचारावं. तो झाडांच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, "माणिक! भाकरीसंगं काय आनलं आज?"

जवळचा आवाज गप्प. दूरच्या टोकाकडून उत्तर आलं, "अंबाडीची भाजी!"

सकाळी अंबाडी निवडताना त्यानं तिला पाहिलं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. तो त्या दिशेनं चालायला लागला, आधी झपझप, मग पळतच. फांद्या तोंडावर घासत होत्या. बगिचा अर्धा ओलांडला असेल नसेल, कोणीतरी मागून त्याचं कोपर धरलं आणि दुसरा ओला हात त्याच्या तोंडावर दाबला.

माणिक होती. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा राखेसारखा. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "अंबाडी म्हनलं ते मी नाही. सकायी अठी एकटीच बडबडली मी भाजीचं, ते आयकलं असन त्यानं. अन् त्याच्या आंधीचंही मी नाही. आत्ता मी तोंडच उघडलं नाही."

"तू होती कुठी?"

"तुमीच बलावलं न मले. त्या टोकाकून. किती हाका मारल्या! मी जातच होती, अन् तुमी मांगून पळत येताना दिसले."

तिच्या बोलण्याचा अर्थ भगवंतच्या डोक्यात उतरायला क्षणभर लागला. आणि त्याच क्षणी दूरच्या झाडांतून हाक आली. खणखणीत, आपल्याच गळ्यावर खूश असलेल्या माणसाची.

"भरलं का वं?"

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे भगवंतला त्या दिवशी कळलं. कौशल्येनं मरताना दाराकडे का पाहिलं, तेही.

खोडांच्या मधून काहीतरी दिसत होतं. कोणी वाकून काम करत होतं. पाठ होती, ओलं वस्त्र पाठीला चिकटलेलं. त्याचा रंग मातीहून वेगळा करता येत नव्हता. मनगटापर्यंत हात चिखलात. ते आळ्याचं तोंड बुजवत होतं, तळव्यानं, हळूहळू, झोपलेल्या लेकराला थोपटावं तसं. आणि मग ते थांबलं. मान वर केली नाही, वळलं नाही. नुसतं थांबलं, कान दिलेलं माणूस थांबतं तसं.

दोघं पाठ न फिरवता मागे सरत आली. विहिरीपाशी पोचल्यावर भगवंतानं विळ्यानं मोटेचा नाडा कापला. मोट आत पडल्याचा आवाज फार उशिरा आला. ज्या पाण्यासाठी तो साऱ्या गावाशी भांडला होता, ते त्यानं त्या दिवशी सोडलं, आणि कोणी काहून म्हणून विचारलं तर त्याला सांगताही आलं नाही.

७

गाव सोडल्यावर अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला एक घर त्यांना मिळालं. पुढे ओसरी, मध्ये खोली, तिच्या मागे एक आतली अंधारी खोली, आणि तिला मागच्या बोळात उघडणारं दार. नदीकाठच्या पट्टीत भगवंत झेंडू आणि भाजी लावायचा, दोघं मिळून बाजारात विकायची.

घरात नेम ठरला होता. नुसत्या आवाजाला ओ द्यायची नाही. काम असेल त्यानं समोर यायचं, हात लावायचा, मग बोलायचं. म्हातारीला सगळं सांगितलं नव्हतं, पण तीही काठी आपटून बोलवायला शिकली. माणिकनं त्याचंही हसू केलं. ती मागून यायची आणि त्याच्या धोतराचा सोगा ओढायची. "आली जी मी. पाहून घ्या, मीच आहो का."

भगवंत मात्र हसायचा नाही. बाजारात गिऱ्हाईक मागून बोललं तर तो वळायचा नाही. लोक त्याला बहिरा समजायला लागले. कोणे एके काळी तो कोणाचं ऐकत नव्हता, कारण त्याला गरज नव्हती. आता त्याला पान पडलेलं ऐकू यायचं, आणि तो दात आवळून गप्प बसायचा.

८

दिवाळी तोंडावर आली होती. दुपारी भगवंत ओसरीवर झेंडूचे हार करत बसला होता. म्हातारी गल्लीच्या टोकाला देवळात पोथी ऐकायला गेली होती. माणिकला आठवा महिना. ती आतून आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गंगूबाईकडे जाऊन येतो." गंगूबाई शेजारीण. माणिक ओसरीच्या पायऱ्या उतरून गेली, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत भगवंतानं पाहिलं.

थोड्या वेळानं आतल्या खोलीतून आवाज आला.

"अवो. या न इकडं."

सुई त्याच्या हातात थांबली. माणिक घरात नव्हती. डोळ्यांदेखत गेली होती. दारातून परत आली असती तर त्याच्याच समोरून आली असती. घर रिकामं होतं, आणि रिकाम्या घरातून माणिक बोलत होती.

इथेही आलं, त्याच्या मनात आलं.

"अवो... आयकता का? मले उठता येत नाही."

आवाज हुबेहूब होता. कण्हणंसुद्धा. किती शिकलं हे, असं त्याला वाटलं, आणि त्या विचारात भीतीइतकंच नवलही होतं. त्यानं हार खाली ठेवला नाही. फूल घेतलं, सुईत ओवलं. दुसरं घेतलं.

"असं काहून करता? या न... एकदा या न."

त्यानं डोळे मिटले. कौशल्येच्या वेळी मला कळलं नाही. आता कळतं. आता मी फसणार नाही. आत काहीतरी घासत गेल्यासारखा आवाज झाला. मग त्याचं नाव आलं. माणिकनं त्याला नावानं कधीच हाक मारली नव्हती. त्याला खात्रीच पटली.

"भगवंता..."

मग काही आलं नाही. भगवंतानं श्वास सोडला. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं; घामानं भिजलेल्या अंगानं तो ओवत राहिला.

उन्हं कलली तेव्हा गंगूबाई वाटी घेऊन पायऱ्यांशी आली. त्याला बहिरा समजून समोर वाकून, मोठ्यानं म्हणाली, "माणिक निजली का? ओवा आनला मी तिच्यासाठी."

"ते तं तुमच्याकडे आली न."

"आली होती. पोटात दुखून राहिलं म्हने, म्हनून लगेच परतली. मीच सोडलं न तिले मांगच्या दारापर्यंत. जवळ पडते म्हनून."

सुई भगवंतच्या बोटात पार आत गेली होती, ते गंगूबाईनं पाहिलं; त्याला कळलं नव्हतं.

माणिक दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर होती. तिथपर्यंत ती सरपटत आली होती. एक हात उंबऱ्याच्या अलीकडे पोचला होता. तिच्यामागं जमीन ओली होती. डोळे उघडे होते, ओसरीच्या दिशेनं. तिथून ओसरीवर बसलेल्या माणसाची पाठ दिसते.

पोटातलं मूलही गेलं. आवाज न करता गेलं.

९

तेरावं झालं. गंगूबाई दोन्ही वेळचं जेवण आणून द्यायची. भगवंत आता सगळ्यांना ओ द्यायचा. बाजारात कोणी कोणालाही हाक मारली तरी तो वळून "ओ" म्हणायचा. रस्त्यानं टांगेवाला ओरडला तरी उठून उभा राहायचा. पोरं हसायची. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. घरी तो दिवसभर ओसरीवर बसून राहायचा, आतल्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून. ते पुन्हा बोलावं असं त्याला वाटत होतं. माणिकच्या आवाजात बोलेल, हे त्याला ठाऊक होतं. ती माणिक नसेल, हेही ठाऊक होतं. तरी या खेपेला आपण जाणार, एवढं त्यानं ठरवलं होतं. जे असेल ते असो, ओ दिली जाईल.

पण दिवसामागून दिवस गेले, आत शांत होतं.

मग एका दुपारी म्हातारी त्याच्याजवळ भिंतीला टेकून बसली असताना आतून आवाज आला. तो माणिकचा नव्हता. कौशल्येचाही नव्हता. तान्हं मूल रडत होतं. बारीक, थरथरतं, श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारं. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचं रडणं.

भगवंत कान देऊन ऐकत राहिला. ते आजवर जे बोललं ते कोणाचं तरी ऐकून बोललं. जो गळा कधी उघडलाच नाही, त्याचं रडणं ते कुठून शिकलं? त्यानं याचा नीट विचार करून पाहिला. जुन्या सवयीनं, खडकाला कुठे भेग आहे हे पाहावं तसा. भेग सापडली नाही.

म्हातारीनं पांढरे डोळे वर केले. तिचा चेहरा निवळला होता. "बापू," ती म्हणाली, "लेकरू रडून राहिलं न रे. जाय न. रडू देऊ नोको त्याले."

"जातो माय," भगवंत म्हणाला.

मधली खोली ओलांडून त्यानं दार लोटलं. आत अंधार होता, आणि ओल्या मातीचा गारवा. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कोणी बसलं होतं. पाठ वाकलेली. हात पुढे काहीतरी धरून होते, आणि ती पाठ हलत होती, मागंपुढं, मागंपुढं. रडणं थांबलं होतं.

"आलो मी," भगवंत म्हणाला. त्याचा आवाज अजिबात कापला नाही. तो आणखी एक पाऊल आत गेला आणि हात पुढे केले.

बाहेरून म्हातारीनं आनंदानं विचारलं, "काय आहे रे बापू? पोरगा का पोरगी?"

भगवंतानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच, त्या कोपऱ्यातून, त्याच्याच खणखणीत आवाजात उत्तर गेलं.

"पोरगी आहे, माय!"